दूतवेतन : पगार कीं वाटखर्च ?

स्वामिकार्यासाठीं परराज्यांत जाणाऱ्या सेवकाचा खर्च कोणत्या मापानें मोजावा, हा प्रश्न आजच्या कचेऱ्यांपुरता नाहीं. त्याचें एक स्पष्ट उत्तर कौटिलीय अर्थशास्त्रांत आहे. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं प्रथम छापून काढला, प्रा. कंगले यांनीं सिद्ध केलेली संहिता मुंबई विद्यापीठानें १९६० मध्यें प्रसिद्ध केली. त्यांतील पांचव्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत राजसेवकांच्या वेतनाची यादी आहे. तींत मंत्री, पुरोहित, सेनापति इत्यादिकांस ४८,००० पण, तर अगदीं खालच्या पायरीच्या सेवकांस ६० पण सांगितले आहेत. ही वेतनें वार्षिक असावींत, असें बहुतेक अभ्यासक मानतात.

या यादींत दूताची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचें वेतन वर्षावर बांधलेलें नसून वाटेवर बांधलेलें आहे. मध्यम दूतास दर योजनास १० पण द्यावे; दहा योजनांपुढें शंभर योजनांपर्यंत दुप्पट द्यावे, असा नियम आहे. एक योजन म्हणजे चार गोरुत. परंतु त्याच्या लांबीविषयीं विद्वानांत मतभेद असल्यामुळें येथें मैलांचा हिशेब केला नाहीं.

आतां शंभर योजनांच्या वाटेची बेरीज पाहूं. पहिल्या दहा योजनांचे १०० पण आणि उरलेल्या नव्वदांचे १,८०० पण, मिळून १,९०० पण होतात. दुप्पट दर साऱ्या वाटेस लावावयाचा असा अर्थ घेतल्यास २,००० होतात. त्याच यादींत सर्व अध्यक्षांस प्रत्येकीं १,००० पण आहेत. तेव्हां वेतनें वार्षिक धरल्यास एका लांबच्या फेरीसाठीं मध्यम दूतास अध्यक्षाच्या वर्षाच्या वेतनाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम मिळे. ही केवळ श्रमाची किंमत असेल, हें मनास पटत नाहीं. ग्रंथकारानें शब्द 'वेतन' असाच वापरला असला, तरी त्यांत वाटखर्च मिसळलेला असावा, असें माझें अनुमान आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. पहिल्या अधिकरणाच्या सोळाव्या अध्यायांत दूतानें यान, वाहनें, माणसें व सामानसुमान यांची तजवीज करून निघावें, असें सांगितलें आहे. मग वेगळा खर्च कशासाठीं ? याचें उत्तर असें कीं, तजवीज करावी एवढेंच तेथें म्हटलें आहे. ती कोणाच्या पैशानें, हें म्हटलेलें नाहीं. शिवाय निघतांना जमविलेली शिदोरी दूरच्या वाटेस पुरत नाहीं. दहा योजनांपुढें दर दुप्पट होतो, त्याचें कारणही बहुधा हेंच : जवळच्या वाटेवर आपलें राज्य, आपले लोक, पुढें सर्वच विकत आणि जोखमीचें.

तथापि या नियमांत एक उणीव राहते. परक्या राजानें निरोप दिल्याखेरीज दूतानें तेथून हलूं नये, असें तोच सोळावा अध्याय सांगतो. योजनें मोजणाऱ्या हिशेबांत या खोळंब्याच्या दिवसांस जागा नाहीं. मराठेशाहीच्या कागदांत भेटणारा 'रोजमुरा' हा शब्द पाहिला, म्हणजे हा भेद ध्यानांत येतो. तो मुळांतच दिवसावर बांधलेला आहे. एका पद्धतींत वाट मोजली जाते, दुसरींत काळ. परदरबारीं महिनोन् महिने राहणाऱ्या वकिलास दुसरीच पद्धत सोयीची, हें उघड आहे.

संग्राहकांस येथें एक विनंति करावीशी वाटते. जुन्या रुमालांतून पत्रें तेवढीं निवडून घेऊन खर्चाच्या यादी रद्दींत टाकलेल्या मीं स्वतः पाहिल्या आहेत. पत्रांत वकील काय बोलला तें कळतें. तो किती दिवस अडकला, बरोबर किती माणसें होतीं, पैसे वेळेवर पोंचले कीं सावकाराकडून काढावे लागले, हें त्या यादीच सांगतात. अर्थशास्त्राचा नियम कागदावर उरला आहे. त्याप्रमाणें कोणा दूतास प्रत्यक्ष काय मिळालें, हें सांगणारा हिशेब आपल्या हातीं नाहीं. मराठी दप्तरांच्या बाबतींत असे हिशेब अद्यापि हातीं आहेत. ते गमावल्यास दोष काळाचा नव्हे, आपला ठरेल.