नेपाळ आणि भारत : १५ मिनिटांचे अंतर

रक्सौलहून वीरगंजला जाणाऱ्या भारतीयाला पासपोर्ट लागत नाही. घड्याळ मात्र १५ मिनिटे पुढे करावे लागते. धर्म आणि सोयरिकीचे नाते इतके जवळचे, म्हणूनच नेपाळी राष्ट्रवादाने वेगळेपणावर भर दिला. राजा महेंद्र यांच्या पक्षविरहित पंचायत राजवटीच्या काळात नेपाळी भाषा आणि दौरा-सुरुवाल हा पोशाख या त्याच्या खुणा बनल्या. भारताला लागून असलेल्या तराईच्या मैदानातले मधेशी त्यात परके ठरले, हा मोठाच अन्याय. २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेविरुद्ध त्यांचे आंदोलन पेटले, सीमेवर इंधनाचे टँकर अडले. नेपाळने दिल्लीला दोष दिला, दिल्लीने तो नाकारला. पण गॅस सिलिंडरसाठी ताटकळणाऱ्या काठमांडूत संताप उसळला. भारतावरचे अवलंबन कमी करण्यासाठी २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. २०२० मध्ये भारताशी वाद असलेले लिपुलेख, कालापानी हे सीमाभाग आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा नेपाळी संसदेत एकाही विरोधी मताविना मंजूर झाला.