बास गिटारची जुळणी

आपल्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांच्या तरुण गायकवृंदांत गिटार वाजविणारीं मुलें पुष्कळ आढळतात. बास गिटार वाजविणारें मात्र एखादेंच असतें. असे दोन बासवादक एकत्र आले म्हणजे त्यांचें संभाषण ऐकण्यासारखें असतें. कोणतें गीत बसविलें हें ते फारसें विचारीत नाहींत. तारा कोणत्या, त्या पडद्यांपासून किती उंच, वाजवावयाचें बोटांनीं कीं नखीनें, हेच प्रश्न ते एकमेकांस करितात, आणि उत्तरें मिलिमीटरांत देतात! ऐकणाऱ्या आईबापांस हा निव्वळ रिकामपणाचा छंद वाटतो. आमचें मत तसें नाहीं. या बोलण्यावर मुलाच्या बोटांचें सुख आणि पालकांच्या खिशांतील बरेच रुपये अवलंबून असतात, म्हणून त्याचा अर्थ येथें थोडा उलगडून सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाद्याची ओळख. पाश्चात्य संगीतांत मंद्र स्वरांचें काम पूर्वीं डबल बास नांवाचें, माणसाहून उंच असें वाद्य करीत असे. तें वाहून नेणें कठीण, आणि बँडच्या गजरांत तें ऐकूं येणेंहि कठीण. अमेरिकेंत सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनीं 1930 नंतरच्या दशकांत पडदे असलेली, विजेच्या साह्यानें वाजणारी व गिटारप्रमाणें धरावयाची बास तयार केली होती. परंतु तिचा प्रसार झाला नाहीं. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं 1951 सालीं 'प्रिसिजन बास' काढिली, तेव्हांपासून हें वाद्य जगभर गेलें. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बासला पडदे नसल्यानें स्वराची जागा कानानें शोधावी लागे. ती येथें पडद्यामुळें नेमकी मिळूं लागली. चार तारा ई, ए, डी, जी या स्वरांत लावितात. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें 41 वेळां कंप पावते. तारेची मोकळी लांबी 34 इंच, आणि प्रत्येक तारेची ओढ 40 पौंडांच्या आसपास. म्हणजे एखादा धडधाकट गृहस्थ दांड्यास अष्टौप्रहर लोंबकळत आहे असें समजावें.

या भारानें लांकडी दांडा धनुष्यासारखा वाकूं नये म्हणून त्याच्या पोटांत एक पोलादी सळई असते, व ती पान्यानें कमीअधिक आवळतां येते. जुळणीचा, म्हणजे वादक मंडळी ज्यास 'सेटअप' म्हणतात त्याचा, आरंभ येथून होतो. दांडा अगदीं सरळ नको, किंचित् खोलगट हवा. कारण कंप पावणाऱ्या तारेस मध्यभागीं थोडी मोकळीक लागते. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरावी आणि मधल्या पडद्यावर किती फट राहते तें पाहावें. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट पुष्कळांस मानवते. त्यानंतर घोडीवरील लहान स्क्रू फिरवून तारांची उंची ठरवितात. बाराव्या पडद्याजवळ दोन ते अडीच मिलिमीटर ही सर्वसाधारण उंची होय. सर्वांच्या शेवटीं घोडीवरील आधार मागेंपुढें सरकवून, बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागीं तारेस नुसता स्पर्श करून काढलेला स्वर हे दोन्ही एक करितात. हा क्रम मोडला कीं काम पुन्हां करावें लागतें, कारण दांडा हलला म्हणजे उंचीहि बदलते. कोंकणपट्टींत व मुंबईंत पावसाळ्याची ओल लांकडांत शिरते, आणि मार्चमध्यें उत्तम लागलेली बास जुलैंत बोटांस जड वाटूं लागते. यांत वाद्य बिघडलें असें कांहीं नाहीं.

येथपर्यंत वादकांचें बहुतेक एकमत असतें. पुढें मतभेद सुरू होतात, आणि गंमतहि तेथेंच आहे. डेट्रॉइट येथील मोटाऊन कंपनीच्या कितीएक ध्वनिमुद्रिकांवर ज्यांची बास ऐकूं येते, ते जेम्स जॅमरसन (मृत्यु 1983) मुख्यतः 1962 सालची प्रिसिजन वाजवीत. त्यांच्या तारा जाड, सपाट पट्टीनें गुंडाळलेल्या, आणि पडद्यांपासून चांगल्याच उंच. घोडीजवळ स्पंजाचा तुकडा दाबलेला, त्यामुळें स्वर उमटतांच आटोपता होई. तारा तुटल्याशिवाय ते सहसा बदलीत नसत, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी चालवीत. आतां जॅको पास्टोरियस (1951–1987) यांची बास पाहा. तीहि फेंडरचीच, तीहि 1962 सालचीच. प्रकार मात्र 'जॅझ बास'. तिचे पडदेच काढून टाकलेले होते. तारा गोल गुंडाळणीच्या, म्हणजे कानशीसारख्या खरबरीत. त्यांनीं उघडें लांकूड झिजूं नये म्हणून दांड्यावर होड्यांस लावितात तसल्या इपॉक्सीचा थर दिलेला. तिचा स्वर गात्या गळ्यासारखा लांबे. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के बाईंची तऱ्हा आणखी निराळी: तारांवर फेल्टचा तुकडा, आणि वादन नखीनें. एकाच कारखान्याचें, एकाच सालचें वाद्य. एकानें त्याचा स्वर आंखूड केला, दुसऱ्यानें लांबविला. यांतील चूक कोणाची म्हणावी? मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतांना गवयाची पट्टी व त्याची आवड पाहूनच घोडीची पाठ घासतो. एकास खुली जवारी हवी, दुसऱ्यास बंद. तसेंच हें आहे.

थोर वादकांचीं हीं उदाहरणें मुलांस पाठ असतात, आणि धोका त्यांतच आहे. जॅमरसनच्या तारा उंच होत्या हें वाचून चौदा वर्षांचा मुलगा आपल्याहि तारा उंच करितो. जॅमरसन मूळचे डबल बास वाजविणारे. त्या दांडग्या वाद्यावर त्यांचा हात तयार झाला होता, ही गोष्ट मिलिमीटरांच्या आंकड्यांत लिहिलेली नसते. मुलाचें मनगट दुखूं लागतें, सराव मागें पडतो, आणि घरीं मागणी जाते कीं हें वाद्य वाईट, दुसरें घ्या. अशा मागणीपायीं कर्ज काढून नवी बास आणलेलीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. जुनीस सळईचा पाव फेरा व घोडीचे कांहीं स्क्रू एवढेंच हवें होतें. ती पलंगाखालीं पडून राहिली.

म्हणून दुसऱ्याची जुळणी विचारतांना नुसता आंकडा घेऊं नये. त्याचा हात केवढा, तारा कोणत्या, आघात हलका कीं जोरकस, तो वाजवितो काय, हेंहि विचारून घ्यावें. जोरानें वाजविणाऱ्याची तार रुंद हेलकावते व पडद्यांवर खडखडते, त्यास उंची हवीच. हलक्या हातास ती विनाकारण ओझें. सपाट गुंडाळणीच्या तारा मऊ, गंभीर व पुष्कळ वर्षें टिकणाऱ्या असतात, आणि उपासनेंत स्तोत्रांच्या मागें त्याच शोभतात असें आम्हांस वाटतें. मुलांचा ओढा गोल तारांकडे असतो. त्यांचा आवाज झळझळीत खरा, पण बोटांच्या घामानें तो लवकर विझतो. जाडीचा नेहमींचा संच 0.045 पासून 0.105 इंचांपर्यंत असतो. लहान हातास 0.040 ते 0.095 चा संच सोपा जातो. मात्र संच बदलला कीं ओढ बदलते, तेव्हां सळई पुन्हां पाहावी. ती एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये, आणि दांड्यास स्थिर होण्यास एक दिवस द्यावा.

कित्येक चर्चांत बास एक आणि वाजविणारे दोन-तीन असतात. तेथें नाजूक हाताच्या वादकास सोयीची उंची ठेवावी. बळकट हाताच्यानें आपला आघात आवरावा व ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवावा. उलट दिशेनें ही तडजोड होत नाहीं.

डावखुऱ्या मुलांविषयीं थोडेंसें लिहिणें जरूर आहे. पॉल मॅकार्टनी हे डावखुरे. त्यांनीं 1961 सालीं हाम्बुर्ग येथें हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली, कारण दोन्ही बाजू सारख्या असलेलें वाद्य उलटें धरिलें तरी विद्रूप दिसत नाहीं. (ती बास 1972 सालीं चोरीस गेली, आणि परत मिळाल्याची वार्ता 2024 च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाली!) आपल्या मुलांनीं उजव्या हाताची बास फिरवून घेतली तर हरकत नाहीं, पण तारांचा क्रम उलटा केल्यानें काम भागत नाहीं. दांड्याच्या टोकावरील पट्टीच्या खांचा तारांच्या जाडीप्रमाणें कापलेल्या असतात, म्हणून ती पट्टीहि नवी बसवावी लागते. हें काम वाद्यें दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच करवावें. त्याचा खर्च नव्या बासच्या किंमतीपेक्षां पुष्कळच कमी येतो.