गर्भातील प्रथिन, गाठीतील प्रथिन

कर्करोगाच्या पेशी बाहेरून आलेल्या नसतात, त्या आपल्याच असतात. मग रक्त तपासून त्यांना ओळखायचे कसे?

१९६५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची अशी एक खूण शोधली. त्यांनी एकाच रुग्णाच्या आतड्याचा रोगट व निरोगी भाग घेतला. त्यामुळे माणसामाणसांतील फरकाची अडचण उरली नाही. गाठीचा अर्क सशांना टोचल्यावर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली. त्या रक्तजलात निरोगी आतड्याचा अर्क मिसळला, तेव्हा दोन्ही भागांना चिकटणारी प्रतिपिंडे त्यात अडकून गेली. उरलेली प्रतिपिंडे फक्त गाठीतील एका पदार्थाला चिकटत होती. हा तो प्रतिजन. गंमत अशी, की पहिल्या सहा महिन्यांतील गर्भाच्या आतड्यातही तोच सापडला! म्हणून त्याचे नाव पडले कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन, म्हणजेच सीईए.

१९६९ मध्ये तो रक्तात मोजता येऊ लागला आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. पण निरोगी प्रौढांच्या आतड्यातही तो थोडा तयार होतो, हे पुढे कळले. तेथे तो पोकळीत उतरून विष्ठेबरोबर जातो. गाठीत पेशींची मांडणी विस्कटल्याने तो रक्तात शिरतो. धूम्रपानाने व यकृताच्या विकारांतही तो वाढतो. उलट, गाठ लहान असताना पुष्कळदा वाढतच नाही.

याचा परिणाम फळ्यावर मांडून पाहू. हिशेबापुरते असे धरू, की १०,००० लोकांत ३० रुग्ण आहेत. चाचणी त्यांतील निम्मे ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी पाचांना चुकून रुग्ण ठरवते. खरे रुग्ण सापडतील १५, आणि उगाच धास्तावतील सुमारे ४९९ जण. शिवाय उरलेले १५ रुग्ण 'काही नाही' म्हणून निश्चिंत घरी जातील. आम्हाला यातले हेच सर्वांत वाईट वाटते.

मग सीईएचा उपयोग काय? निदान आधीच झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी तो फार मोलाचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच तो खूप जास्त असेल तर धोका अधिक समजतात. गाठ पूर्ण निघाली तर वाढलेला आकडा साधारण महिना-दीड महिन्यात खाली येतो. तो न उतरल्यास कुठेतरी रोग शिल्लक असल्याची शंका येते. उतरून पुन्हा चढू लागला, तर त्रास जाणवण्याआधीच डॉक्टर शोध सुरू करतात. येथे एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची असते. मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने एका रुग्णाच्या तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करतात.