मऊ गाभा, कठीण कवच

पोलादांत लोखंड राजा, इतर धातु त्याचे चाकर. २००४ मध्यें ब्रिटनच्या कँटर यांनीं लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम व मँगनीज समभागानें मिसळून ही राजसत्ताच मोडली. त्याच वर्षीं तैवानच्या येह यांनीं अशा धातूंस ‘हाय-एन्ट्रॉपी’ मिश्रधातु हें नांव दिलें.

कँटर यांचा धातु चिवट खरा, पण मऊ. घासला कीं झिजतो. म्हणून तापवून त्याच्या पृष्ठभागांत नायट्रोजन मुरवितात. मेख येथेंच आहे. उष्णता फार झाल्यास नायट्रोजन क्रोमियमशीं संयोग पावतो. कवच कठीण होतें, परंतु गंजापासून राखणारें क्रोमियम त्यांत अडकून पडतें. सुमारें ४०० अंश सेंटिग्रेडवर मात्र नायट्रोजन अणूंमधील फटींतच सामावतो. कवच पातळ, मिलिमीटरचे कांहीं सहस्रांश. आणि तेवढ्यासाठींहि कित्येक तास भट्टी राखावी लागते.