घर धन्याचे, दर्शन गल्लीचे

घर ज्याचे त्याचे असते, यात शंका नाही. त्याची किल्ली धन्यापाशी असते, घरपट्टी तोच भरतो आणि पावसाळ्यात कौले फुटली तर रात्रभर जागणाराही तोच असतो. परंतु त्याच घराची रस्त्याकडील बाजू रोज शेकडो लोक पाहतात. कोपऱ्यावरचा सज्जा, दारावरचे कोरीव काम, उतरत्या छपरांची ओळ यांवरून गल्लीची ओळख पटते. आणि ही ओळख कोणाच्याही खरेदीखतात लिहिलेली नसते. तेव्हा धन्यास आपले जुने घर पाडून त्या जागी नवे बांधावयाचे झाल्यास त्यात गावाने बोलावे की न बोलावे, हा प्रश्न उत्पन्न होतो. जगातील अनेक नगरांनी या प्रश्नाचे उत्तर एका समितीच्या रूपाने दिले आहे. ही समिती काय करते, तिच्या हातून काय होऊ शकत नाही, आणि तिच्या निर्णयावर सामान्य कुटुंबाचे काय अवलंबून असते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची कल्पना हिंदुस्थानास नवी नाही. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु त्या कायद्याची दृष्टी मुख्यतः लेणी, किल्ले, देवळे, मकबरे यांवर होती. तेथे प्रश्न पुष्कळच सोपा असतो, कारण लेण्यात कोणी संसार मांडलेला नसतो. राहत्या घराची गोष्ट निराळी. तेथे मुले मोठी होतात, सुना येतात, म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत, न्हाणीघर घरात असावेसे वाटते. असे घर राखावयाचे म्हणजे ते आहे तसे गोठवून ठेवावयाचे नव्हे. बदल होणारच, तो कोणता व किती, एवढेच ठरवावयाचे असते.

या विचारास कायद्याचे रूप देण्यात अमेरिकेतील चार्ल्स्टन हे बंदराचे शहर अग्रेसर ठरले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोटारी वाढल्या, आणि पेट्रोलच्या पंपांसाठी तेथील जुनी सुंदर घरे पाडली जाऊ लागली. तेव्हा १९३१ साली नगराने शहराचा एक भाग ऐतिहासिक म्हणून आखून दिला आणि तेथील घरांच्या बाहेरील फेरफारांची तपासणी करण्यासाठी एक मंडळ नेमले. घराच्या आत मालकाने काय करावे, याशी त्या मंडळास कर्तव्य नव्हते. आरंभी त्याच्या हाती बाह्य स्वरूपाची तपासणी होती. पाडकाम रोखण्याचा अधिकार पुढील दशकांत क्रमाक्रमाने आला. घराचे अंतरंग धन्याचे आणि बहिरंग गावाचे, ही वाटणी तेव्हापासून रूढ झाली. पुढे अनेक देशांतील नगरांनी आपापल्या परीने तीच स्वीकारली.

मुंबईत हा विचार नियमांच्या रूपाने १९९५ साली आला. शहराच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या नियमाखाली वारसा वास्तूंची यादी प्रसिद्ध झाली. तीत सहाशेंहून अधिक नोंदी होत्या. महानगरपालिका आयुक्तांस सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. समितीचा शब्द सल्ल्याचा असतो, हुकमाचा नव्हे. तो आयुक्तांस मान्य नसेल तर ते प्रकरण फेरविचारासाठी परत धाडू शकतात, आणि त्यानंतरचा त्यांचा निर्णय अखेरचा ठरतो.

यादीतील वास्तूंच्या श्रेणी केलेल्या आहेत, आणि सगळा भेद त्यांत आहे. पहिली श्रेणी राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंची. तेथे बळकटीसाठी जेवढे अवश्य तेवढेच करावयाचे, आतही आणि बाहेरही. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. तिचे 'अ' आणि 'ब' असे दोन पोटविभाग आहेत. 'अ' मध्ये आतील बदल बहुधा करता येतात, पण बाहेरील बदल कसून तपासले जातात. 'ब' मध्ये त्याच आवारात जोडइमारतही बांधता येते, मात्र तिची उंची आणि दर्शनी भाग मूळ वास्तूशी जुळला पाहिजे. तिसरी श्रेणी नगराच्या रूपास शोभा आणणाऱ्या घरांची व वस्त्यांची. येथे आतबाहेरचे बदल सामान्यतः मान्य असतात. इतकेच नव्हे, तर घर कमकुवत झाले असेल, आगीत सापडले असेल, किंवा मिळणारे चटईक्षेत्र वापरण्यास दुसरा मार्गच नसेल, तर ते पाडून पुन्हा बांधण्यासही वाव ठेवलेला आहे.

सामान्य माणसांची राहती घरे बहुशः या तिसऱ्या श्रेणीत येतात. म्हणजे जेथे मोह सर्वांत मोठा, तेथेच कुंपण सर्वांत ठेंगणे आहे.

अशा समितीपुढे येणारे प्रश्न बाहेरून क्षुल्लक दिसतात. सागवानी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती तावदाने बसवावी काय? मंगलोरी कौलांच्या जागी पत्रा चालेल काय? सज्जा काचेने बंद करून खोली वाढवावी काय? परंतु यांत नुसती आवडनिवड नसते. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते आणि ती बाहेर टाकतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, आणि चार पावसाळ्यांत भिंत फुगू लागते. उघडा सज्जा घरात वारा खेळवितो व भिंतीवर सावली धरतो. तो बंद केला की तीच खोली वैशाखात तापते. जुने गवंडी व सुतार यांनी हवामानास जे उत्तर शोधले होते, ते घराच्या रूपातच सामावलेले असते. म्हणून जाणता तपासनीस 'हे सुंदर दिसते काय' एवढेच न विचारता 'हे घर कशाच्या आधारावर उभे आहे' असेही विचारतो.

गिरगावातील खोताची वाडी हे या साऱ्याचे बोलके उदाहरण होय. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या जमिनीवर ही वाडी वसली, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी तेथे जागा घेऊन घरे बांधली. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, उतरती छपरे आणि दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढ्या गल्ल्या, असे तिचे रूप आहे. १९९५ च्या यादीत ही वाडी तिसऱ्या श्रेणीची वस्ती म्हणून नोंदली गेली. तरीही एके काळी साठांहून अधिक असलेल्या तेथील बंगल्यांपैकी आज निम्मेही उरलेले नाहीत. यादीत नाव घातल्याने घर वाचतेच असे नाही, ही गोष्ट या वाडीने स्पष्ट करून दाखविली आहे.

याचे कारण शोधू गेल्यास ते पैशापाशी येऊन थांबते. समिती 'नको' म्हणू शकते; परंतु छपर शाकारून देऊ शकत नाही. मालकाचे न वापरलेले चटईक्षेत्र निर्बंधामुळे बुडाले, तर त्याबद्दल हस्तांतरणीय विकास हक्काचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे; पण ते बाजारात विकले जाईल तेव्हा पैसे हाती यावयाचे, आणि कुजलेली तुळई तोपर्यंत थांबत नाही. चाळी आणि भाड्याच्या इमारती यांची अडचण आणखी खोल आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बव्हंशी १९४० च्या पातळीस बांधली गेली. २००० सालापासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाकाठी शेकडा ४ वाढीस मुभा दिली, पण मूळ रक्कमच इतकी लहान की त्या वाढीतून एका जिन्याची दुरुस्तीही निघत नाही. उलट इमारत पाडून नवी उठली, तर भाडेकरूस मालकीची सदनिका विनामूल्य मिळते. मग त्याने जुन्या नक्षीसाठी गळक्या खोलीत का राहावे?

महानगरपालिकेने २०१२ साली यादीत नव्या वास्तू व वस्त्या घालण्याचे योजिले, तेव्हा हाच प्रश्न चव्हाट्यावर आला. शिवाजी पार्कचे नाव त्यांत होते. तेथील रहिवाशांपैकी पुष्कळांनी त्यास उघड विरोध केला. त्यांना आपल्या वस्तीचा अभिमान नव्हता असे नव्हे. मान आपणास मिळावा आणि खर्च मात्र आपल्याच माथी बसावा, हा व्यवहार त्यांना धोक्याचा वाटला. त्यांचे म्हणणे केवळ स्वार्थाचे म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही.

चार्ल्स्टनने या कोड्यातून एक वाट काढली. तेथील एका संरक्षक संस्थेने १९५७ च्या सुमारास फिरता निधी उभारला. ॲन्सनबरो नावाच्या वस्तीतील मोडकळीस आलेली घरे विकत घ्यावयाची, ती सुधारावयाची किंवा सुधारण्याच्या अटीवर विकावयाची, दर्शनी भागास धक्का लावू नये असे खतातच लिहून घ्यावयाचे, आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यावयाचे, असा तो क्रम. घरे वाचली, परंतु वस्तीचे मोल वाढले आणि तेथे पूर्वी राहणाऱ्या गरिबांना, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांना, जागा सोडावी लागली. भिंती राहिल्या आणि माणसे गेली. निधी असावा हा जसा त्या शहराचा धडा आहे, तसाच निधी कोणासाठी असावा हाही त्याचाच धडा आहे.

सारांश, जुन्या घरांच्या तपासणीची व्यवस्था उपयुक्त असली तरी ती अर्धीच व्यवस्था आहे. गल्लीच्या दर्शनावर सर्वांचा हक्क असेल, तर त्याच्या डागडुजीचा काही भार सर्वांनी उचलणे क्रमप्राप्त होते. घरपट्टीत सूट, अल्प व्याजाचे कर्ज, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची सोय, आणि अर्जाचा निकाल पावसाळ्यापूर्वी देण्याची तत्परता, एवढे जरी समितीच्या 'नको'ला जोडले तरी धन्यास ती शत्रू वाटणार नाही. पाडण्यापेक्षा राखणे ज्या दिवशी त्यास परवडेल, त्या दिवशी त्याच्या सज्जाखाली पहारा ठेवण्याची गरज उरणार नाही. तो सज्जा तोच सांभाळील.