डेंटल इम्प्लांटनंतर लाल लाइट थेरपी: खरंच फायदा होतो का?

घरात कुणी दातांचं इम्प्लांट केलं आणि तुम्ही मोबाइलवर सर्च केलं, की लाल लाइटच्या मशीनच्या जाहिराती दिसायला लागतात. बीड, अंबाजोगाईला ऑनलाइन मागवण्याआधी एवढं वाचा.

हे काम कसं करतं?
इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. थेरपीत बहुतेक वेळा 630 ते 850 नॅनोमीटरचा लाल किंवा इन्फ्रारेड प्रकाश हिरडीवर टाकतात. त्याने पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाचं ऊर्जा बनवण्याचं काम वाढतं, असं मानलं जातं.

मोबाइलची टॉर्च चालेल का?
नाही. तिच्यात ना ठरावीक तरंगलांबी, ना ठरलेला डोस. इन्फ्रारेड तर डोळ्यांना दिसतच नाही. टीव्हीचा रिमोट फ्रंट कॅमेऱ्यासमोर दाबा, बहुतेक फोनमध्ये त्याचा बल्ब चमकताना दिसेल. न दिसणाऱ्या प्रकाशाने डोळे आपोआप मिटत नाहीत, म्हणून क्लिनिकमध्ये खास चष्मा घालतात.

मग मशीन घ्यायचं का?
दुखणं आणि सूज कमी व्हायला मदत होऊ शकते. पण हाड लवकर जुळतं, याचा माणसांवरचा पुरावा अजून कच्चा आहे. डोस जास्त झाला तर फायदा उलट घटतो. तोंडाचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नका.

सिगारेट, बिडी आणि वाढलेली शुगर मात्र बसवलेलं इम्प्लांट सैल करू शकतात. आधी ते थांबवा, गुटखाही सोडा. त्याला एक रुपयाही लागत नाही. लाइटचं नंतर डॉक्टरांशी बोलून ठरवा.