नारिंगी पट्ट्याचीं पिंपें

'तण खाई धन' असें आपल्याकडील शेतकरी म्हणतो, आणि खुरपें घेऊन उन्हातान्हांत वाकणाऱ्या त्याच्या बायकोस या म्हणीचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. उंसाच्या व गव्हाच्या शेतांत आतां खुरप्याच्या जोडीला पाठीवरचा पंप आला आहे. त्या पंपांतून जीं औषधें फवारलीं जातात त्यांपैकीं 'टू-फोर-डी' हें नांव बागाईतदारांच्या तोंडीं चांगलेंच बसलें आहे. याच द्रव्याची त्याच्या एका भावंडाशीं समभाग मिळवणी करून अमेरिकेच्या सैन्यानें सन १९६५ पासून १९७० पर्यंत व्हिएतनामच्या अरण्यांवर वर्षाव केला. त्या वर्षावाखालीं वावरलेल्या सैनिकांच्या शरीरांत पुढें काय झालें याचा शोध घेतां घेतां एक पिढी म्हातारी झाली. त्या शोधाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवणार आहों.

व्हिएतनामचें युद्ध हें पुष्कळ अंशीं झाडीचें युद्ध होतें. शत्रु झाडींत लपतो, तेव्हां झाडीच नाहींशी करावी, हा त्या मोहिमेमागील सरळ हिशेब. 'रँच हँड' नांवाची ही मोहीम अमेरिकन हवाई दलानें १९६२ च्या जानेवारींत सुरू केली व ती १९७१ पर्यंत चालली. सी-१२३ जातीचीं मंदगति विमानें झाडांच्या शेंड्यांवरून अगदीं खालून उडत आणि मागें औषधाचा पडदा सोडीत जात. हें औषध येई तें सुमारें दोनशें आठ लिटरांच्या पिंपांतून, आणि पिंपांवर ओळखीसाठीं रंगीत पट्टे ओढलेले असत : जांभळा, गुलाबी, हिरवा, पांढरा, निळा व नारिंगी. पट्ट्यांवरूनच औषधांस नांवें पडलीं. निळ्या पट्ट्याचें औषध सोमलाच्या वर्गांतलें असून तें भातशेतीवर मारीत, म्हणजे शत्रूची शिदोरीच मारीत. नारिंगी पट्ट्याचें तें 'एजंट ऑरेंज'. एकंदर फवारणी सात कोटि लिटरांहून अधिक झाली व तींत निम्म्याहून जास्त वांटा या नारिंगी पिंपांचा होता. त्या काळीं अमेरिकेंत वणव्यांविरुद्ध एक सरकारी जाहिरात लोकप्रिय होती; तिचें विडंबन करून या वैमानिकांनीं आपलें ब्रीद केलें होतें, कीं अरण्यें उगवूं न देणें केवळ तुमच्याच हातीं आहे. सैनिकांचा विनोद असाच असतो. परंतु पुढील कथा वाचल्यावर तो घशाखालीं उतरत नाहीं.

मूळ औषध वनस्पतींच्या वाढीस चेतविणाऱ्या द्रव्याची नक्कल होय. त्याच्या योगें पानें मर्यादा सोडून वाढूं लागतात, पिळवटतात व गळून पडतात. मनुष्यास त्यापासून अपाय नाहीं, असें सैनिकांस सांगण्यांत येई. रिकाम्या पिंपांचा उपयोग छावणींत कशाकशासाठीं होई हें पुढें जुन्या सैनिकांनींच सांगितलें आहे. परंतु मिश्रणांतील दुसरें द्रव्य, 'टू-फोर-फाइव्ह-टी', तयार करतांना उष्णमान हाताबाहेर गेलें कीं त्यांत डायॉक्सिन नांवाचें एक विष नकळत उत्पन्न होतें. त्याचें प्रमाण दहा लाख भागांत कांहीं भाग इतकेंच. पण तें चरबींत विरघळतें आणि एकदां शरीरांत शिरलें म्हणजे वर्षानुवर्षें बाहेर निघत नाहीं. कारखानदारांस याची कांहींच कल्पना नव्हती असें म्हणतां येत नाहीं. १९४९ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील नायट्रो येथील कारखान्यांत अपघात झाला, तेव्हां कामगारांच्या चेहऱ्यावर व मानेवर काळ्या टोंकांच्या चिवट पुटकुळ्या उठल्या होत्या. १९६९ सालीं या औषधानें उंदरांच्या पिलांत जन्मजात व्यंगें उद्भवतात असा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि १९७० च्या एप्रिलांत सैन्यानें नारिंगी पिंपांचा वापर थांबविला.

तेथें गोष्ट संपली, असें सरकारास वाटलें असावें. सैनिक घरीं परतले, संसारास लागले. कांहीं वर्षांनीं शिकागो येथील माजी सैनिकांच्या सरकारी कचेरींत मॉड डिव्हिक्टर नांवाच्या बाई काम करीत होत्या. १९७७ सालीं कर्करोगानें मरत असलेल्या एका सैनिकाच्या पत्नीनें त्यांस सांगितलें, कीं हा रोग आपल्या पतीस व्हिएतनाममधील औषधानें जडला अशी त्याची खात्री आहे. बाईंनीं तें नुसतें ऐकून सोडून दिलें नाहीं. येणाऱ्या प्रत्येक सैनिकास व विधवेस त्या प्रश्न विचारूं लागल्या व उत्तरें टिपून ठेवूं लागल्या. पुढच्याच वर्षीं शिकागोच्या दूरचित्रवाणीवर या टिपणांच्या आधारें एक तासाचा कार्यक्रम झाला, आणि गांवोगांवच्या सैनिकांस प्रथमच कळलें कीं आपण एकटे नाहीं. इतक्या मोठ्या प्रकरणाचा आरंभ एखाद्या प्रयोगशाळेंत न होतां एका हुद्द्यानें लहान अशा बाईच्या वहींत झाला, हें आम्हांस फार बोलकें वाटतें. त्याच वर्षीं पॉल रॉयटरशान हा हेलिकॉप्टरवरील सैनिक पोटाच्या कर्करोगानें वारला. त्याचें वय अवघें २८ होतें. मरण्यापूर्वीं त्यानें औषध बनविणाऱ्या कंपन्यांवर फिर्याद लावली होती.

आतां खरी अडचण पुढें आली. कर्करोग व्हिएतनामला न गेलेल्या माणसासहि होतो. मग अमक्याचा रोग त्या औषधामुळेंच झाला हें ठरवावयाचें कसें? ज्यांच्या अंगावर औषध पडलें त्यांची ज्यांच्या अंगावर पडलें नाहीं त्यांच्याशीं तुलना करावी, हा शास्त्राचा राजमार्ग. अमेरिकन काँग्रेसनें १९७९ सालीं अशी पाहणी करण्याचा हुकूम दिला व १९८३ सालीं हें काम रोगनियंत्रण केंद्राकडे आलें. परंतु कोणती तुकडी कोणत्या दिवशीं कोठें होती, हें लष्करी दफ्तरावरून नक्की सांगतां येईना. तेव्हां शास्त्रज्ञांनीं रक्तच बोलतें करावें असें ठरविलें. व्हिएतनामांत राहिलेल्या ६४६ सैनिकांच्या व तेथें न गेलेल्या ९७ सैनिकांच्या रक्तांतील डायॉक्सिन मोजलें. दोहोंकडे तें सरासरीनें सारखेंच, एक लक्ष कोटि भागांत सुमारें चार भाग, भरलें. कोणास विषबाधा झाली हें ओळखतां येत नाहीं, तेव्हां पाहणी करण्यांत अर्थ नाहीं, असें म्हणून १९८७ सालीं ती सोडून देण्यांत आली.

सैनिकांच्या पक्षाचें म्हणणें निराळें होतें, आणि तें विचार करण्याजोगें आहे. डायॉक्सिन शरीरांतून निम्मे होण्यास सुमारें सात वर्षें लागतात असें १९८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मापनावरून दिसून आलें. म्हणजे वीस वर्षांनीं रक्त काढलें तर मूळच्या सोळा आण्यांपैकीं दोन-अडीच आणेच हातीं लागणार. आणि कारखान्यांच्या देशांत थोडेंफार डायॉक्सिन प्रत्येकाच्याच अंगीं असतें. दुसरीकडे १९९० सालीं त्याच केंद्राच्या दुसऱ्या एका पाहणींत लसिकाग्रंथींच्या एका प्रकारच्या कर्करोगाचें प्रमाण व्हिएतनामच्या सैनिकांत सुमारें दीडपट आढळलें. पण तें अधिक होतें समुद्रावरील खलाशांत, जेथें फवारणी नव्हती! असें हें कोडें.

एका गटाविषयीं मात्र शंका नव्हती. तीं विमानें ज्यांनीं चालविलीं, पिंपें ज्यांनीं भरलीं व ओतलीं, ते 'रँच हँड'चे सुमारें बाराशें लोक. हवाई दलानें १९८२ पासून २००२ पर्यंत सहा वेळां त्यांची सांगोपांग तपासणी केली व व्हिएतनामच्या आसपास काम केलेल्या पण औषध न हाताळलेल्या लोकांशीं त्यांची तुलना केली. ज्यानें औषध फवारलें त्यानेंच त्याचा न्याय करावा हें पुष्कळांस रुचलें नाहीं, व आम्हांसहि तें योग्य वाटत नाहीं. तथापि त्या तपासण्यांतून एक महत्त्वाची गोष्ट बाहेर आली : ज्याच्या रक्तांत डायॉक्सिन अधिक, त्यास मधुमेह होण्याचा संभव अधिक.

या सर्व वादांत एका घराण्याची हकीकत विशेष हृदयद्रावक आहे. ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट हे १९६८ ते १९७० या काळांत व्हिएतनाममधील अमेरिकन आरमाराचे अधिपति होते. मेकाँगच्या मुखाशीं कालव्यांतून फिरणाऱ्या त्यांच्या नौकांवर कांठच्या दाट झाडींतून गोळ्यांचा वर्षाव होई. खलाशांचे प्राण वांचावेत म्हणून कांठावर औषध फवारण्यास त्यांनीं संमति दिली. त्याच कालव्यांतून फिरणाऱ्या एका नौकेचा अधिकारी त्यांचा स्वतःचा मुलगा होता. त्या मुलास १९८३ सालीं लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला, मागून दुसरा झाला, आणि १९८८ सालीं वयाच्या ४२ व्या वर्षीं तो वारला. नातू जन्मतःच बौद्धिक व्यंग घेऊन आला होता. बापलेकांनीं मिळून पुस्तक लिहिलें. त्यांत एकमेकांस दोष दिलेला नाहीं. त्या झाडींत आपले शेंकडों खलाशी मेले असते, तेव्हां पुनः प्रसंग आला तरी आपण तोच हुकूम देऊं, असें ॲडमिरल म्हणत. परंतु ते स्वस्थ बसले नाहींत. १९९० सालीं त्यांनीं माजी सैनिकांच्या खात्याकडे अहवाल सादर केला, व पुष्कळ रोगांचा या औषधाशीं संबंध असल्याचा संभव नसल्याच्या संभवाइतका तरी आहे, आणि सरकारी पाहण्या निःपक्षपाती नव्हत्या, असें स्पष्ट बजावलें.

कंपन्यांवरील खटला त्यापूर्वींच, १९८४ च्या मे महिन्यांत, अठरा कोटि डॉलरांवर मिटला होता. सुमारें ५२,००० लोकांत ती रक्कम वांटली गेली व सरासरीनें प्रत्येकाच्या वांट्यास ३,८०० डॉलर आले. कर्करोगाच्या औषधोपचारास ते किती दिवस पुरले असतील याचा हिशेब वाचकांनींच करावा.

खरा फरक पडला तो १९९१ च्या कायद्यानें. त्यानें प्रश्नाचें तोंडच फिरविलें. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या अवधींत ज्यानें व्हिएतनाममध्यें सेवा केली, त्याचा औषधाशीं संपर्क आला असें गृहीत धरावें. त्यानें तें सिद्ध करीत बसूं नये. कोणत्या रोगाचा संबंध मानावा हें पाहण्यासाठीं राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनें दर दोन वर्षांनीं सगळें संशोधन चाळावें. समितीनें पुराव्याच्या चार पायऱ्या केल्या : पुरेसा, मर्यादित, अपुरा, व संबंध नसल्याचा. यादी हळूहळू वाढत गेली. मधुमेह २००१ सालीं आला. हृदयरोहिणींचा विकार व कंपवात २०१० सालीं. रक्तदाब २०२२ सालीं. समुद्रावरील खलाशांस मात्र, 'तुम्ही जमिनीवर पाय ठेवला नव्हता' या सबबीवर, २०१९ च्या कायद्यापर्यंत ताटकळावें लागलें. तोंवर त्यांच्यांतील कितीएक जण वाट पाहतां पाहतांच गेले. संशयाचा फायदा रोग्यास देणें हें शास्त्र नव्हे, असा आक्षेप कांहीं विद्वान् घेतात. तो खराहि आहे. पण ज्या सरकारनें तुकड्यांची दफ्तरें नीट ठेवलीं नाहींत त्यानें पुराव्याचें ओझें रोग्याच्या खांद्यावर टाकावें, हें आम्हांस न्यायाचें दिसत नाहीं.

आणि ज्यांच्या भूमीवर हें सर्व पडलें त्यांचें काय? जीन व स्टीव्हन स्टेलमन यांनीं फवारणीच्या विमानांचे मार्ग नकाशावर मांडून २००३ सालीं दाखविलें कीं, निदान ३,१८१ खेड्यांवर औषध थेट पडलें व त्या खेड्यांत किमान २१ लाख माणसें होतीं. व्हिएतनामी लोकांनीं अमेरिकन न्यायालयांत लावलेली फिर्याद २००५ सालीं काढून टाकण्यांत आली व २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ती ऐकण्याचें नाकारलें. डा नांगच्या विमानतळावरील विषारी माती भाजून शुद्ध करण्याचें काम २०१८ सालीं पुरें झालें. बिएन होआ येथील, त्याहूनहि मोठें, २०१९ सालीं हातीं घेण्यांत आलें. सैनिक आणि शेतकरी यांच्या शरीरांत विष तर एकच होतें. गृहीत धरण्याची सवलत मात्र एकालाच मिळाली.

मुलांचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. पाठीचा कणा दुभंगलेला राहण्याचें व्यंग घेऊन जन्मलेल्या सैनिकांच्या मुलांस मदत द्यावी असा कायदा अमेरिकेनें १९९६ सालीं केला, कारण त्या वेळीं समितीनें हा पुरावा 'मर्यादित' या पायरीवर ठेवला होता. पुढें वीस वर्षांनीं समितीनेंच तो एक पायरी खालीं, 'अपुरा' या सदरांत, उतरविला. मदत मात्र चालूच राहिली. ज्यांस ती मिळूं लागली तीं मुलें तोंवर चाळिशी ओलांडून गेलीं होतीं, व चांकांच्या खुर्चींत बसलेल्या आपल्या मुलाचें आपल्यामागें कोण पाहील ही चिंता त्यांच्या वृद्ध आईबापांस लागून राहिली होती.